उंदीर राहिला

शामला त्या गल्लीतून रोज जायची आणि रोज काहीही पाहायची नाही. कॉलेज सुटलं की बस, बसमधून उतरलं की सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत, आणि आत वळलं की घर येईपर्यंत डोक्यातला फळा पुसत राहायचं, असा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी मात्र 'टण्' असा आवाज आला आणि तिचा पाय जागच्या जागी थांबला. आवाज एका मुलीनं तोंडानं काढला होता. विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर घरं आखलेली होती, त्यांतून डोळ्यांवर रुमाल बांधलेली एक दहाएक वर्षांची पोर हात पुढे धरून चालत होती, आणि बाकीच्या तिघी भोवती उकिडव्या बसून तिच्या पायांकडे बघत होत्या. पोर दोन घरं सरळ गेली, डावीकडे वळली, एक घर चालली, पुन्हा डावीकडे वळायला गेली आणि तिघी एकदम ओरडल्या, 'टण्'. पोर बाद झाली, रुमाल सोडून हसत बाजूला बसली. तिथे डावीकडे वळायचं नसतं हे शामलाला ठाऊक होतं. तिथे सगळेच डावीकडे वळतात आणि सगळ्यांनाच टण् होतं. ती वाट तिच्या ओळखीची होती, अगदी पहिल्या घरापासून. ती उंदराची वाट होती.

आता उंदीर कोण, हे सांगायला हवं. शामलाचा धाकटा भाऊ रविंद्र यानं नागपुरात सीताबर्डीवर, एका शिंप्यानं सोडलेल्या दुकानात, व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. पंच्याऐंशी साल होतं. रंगीत टीव्ही अजून शेजाऱ्यांना बोलावून दाखवायची चीज होती, आणि पडद्यावरचं चित्र आपल्या हातानं हलतं हे नुसतं ऐकून पोरं शिकवण्या बुडवून यायची. मुंबईच्या एका कंपनीनं रविंद्रला चार यंत्रं चाचणीसाठी दिली होती. त्यांच्या कपाळावर मोठमोठी इंग्रजी नावं होती, ती कुणी वाचली नाहीत. पोरांनी त्यांचं विमान, मोटार, भिंत आणि उंदीर करून टाकलं. चाचणी संपली की तीन यंत्रं परत जायची आणि एक कायमचं राहायचं, आणि जे राहील ते पुढे बदलून मिळायचं नाही, असा कंपनीचा ठराव होता. म्हणून पहिल्या दिवसापासून रविंद्र रात्री जेवायला बसला की एकच प्रश्न विचारायचा, "ताई, याच्यातला कोणता राहीन?" शामला संख्याशास्त्र शिकवायची. एवढ्या वर्षांत तिच्या संख्याशास्त्राला घरात कुणी काम सांगितलं नव्हतं. आई तर पाहुण्यांना 'आमची शामला हिशेब शिकवते' असंच सांगायची. तेव्हा भावानं हा प्रश्न विचारला आणि वर 'तू म्हणशीन तोच ठेवू' असंही म्हणाला, तेव्हापासून शामलाला भूक लागेना आणि झोप येईना, आणि याचा तिला मुळीच त्रास होईना.

कॉलेजातून ती थेट दुकानात जाऊ लागली. टोकनं द्यायच्या टेबलामागे एक स्टूल होतं, त्यावर बसून बघत राहायची. तिनं एकाही यंत्राला हात लावला नाही. बाई माणसानं त्या दांड्याला लोंबकळणं तिला शोभलंही नसतं, असं तिनं स्वतःलाच सांगून टाकलं होतं. आज किती पोरं खेळली हे रविंद्रला टोकनांवरून कळतच होतं. तिचा प्रश्न निराळा होता. गर्दी म्हणजे आवड, पण टिकणारी आवड मोजायची कशी? जे अजून झालंच नाही ते आजच्या गर्दीत दिसतं कुठे? कोण परत येतो, किती दिवसांनी येतो, परत आल्यावर त्याच यंत्राकडे जातो की भरकटतो, हे सगळं तिनं तपासून पाहिलं. मोटार आणि भिंत लवकरच मागे पडल्या; पहिल्या गर्दीनंतर तिथे कुणी परत फिरकेना. उरली दोन. विमानावर सदा झुंबड, गोळ्या, स्फोट, पोरांचे घामेजलेले मानेमागचे केस. आणि उंदरावर कधी एखादाच. तो खेळच अडचणीचा होता. पडद्यावर दर वेळी भिंतींचा तोच चक्रव्यूह क्षणभर दिसायचा आणि विझून जायचा; मग काळ्याकुट्ट पडद्यावर एकटा उंदीर, आणि न दिसणाऱ्या भिंतींतून त्याला आठवणीनं न्यायचं. भिंतीला नाक लागलं की टण्, आणि टोकन गेलं. खेळणारा चिडून विमानाकडे जायचा. सगळे आकडे विमानाच्या बाजूचे होते आणि शामलाचं मन काही केल्या विमान म्हणायला तयार होत नव्हतं. का, ते तिला सांगता येत नव्हतं, आणि ज्याला कारण देता येत नाही ते मत वर्गात ती मुलींना मांडू देत नसे. आज सकाळीच ती रविंद्रला म्हणाली होती, मोटार आणि भिंत ट्रकमध्ये भरून टाक, बाकी दोघांचं मी संध्याकाळी फोननं सांगते, तोवर ट्रक थांबवून ठेव.

आणि आता या पोरी. दुकानात मुली येत नसत. सीताबर्डी कुठे, सक्करदरा कुठे. शामलानं पर्स खांद्यावरून खाली घेतली, जणू पाहुणी आली होती, आणि त्या मुलींच्या शेजारी खाली बसली.

"काय खेळून राहिल्या वं?"

"उंदीर."

"कोणी शिकवला तुमाले?"

"माह्या भावानं," बाद झालेली पोर म्हणाली. "त्याले टोकन नाही भेटत. तो मांगून पाहते."

मांगून पाहते. मागं उभा राहून बघतो. शामला उठली तेव्हा तिच्या गुडघ्याला विटेचा लाल चुरा लागला होता, तो तिनं झटकलाही नाही. दुकानात अशा पोरांना रविंद्र फुकटे म्हणायचा. खेळणारा एक आणि त्याच्या पाठीशी फुकटे आठ-दहा. 'चला बे फुकट्यांनो, हवा येऊ द्या' म्हणून तो त्यांना दिवसातून कितीदा तरी बाहेर काढायचा आणि ते पुन्हा आत शिरायचे. विमानाच्या मागचे फुकटे आरडाओरडा करायचे. उंदराच्या मागचे फुकटे अगदी चूप असायचे. ते चूप काहून असायचे, हा प्रश्न तिला इतके दिवस पडला कसा नाही? ते वाट पाठ करत होते. एकाचं टोकन जायचं तेव्हा दहा जणांच्या डोक्यात एक भिंत उभी राहायची. ती दहा डोकी संध्याकाळी घरी जायची, आणि कुठे विटेचा तुकडा सापडला की आखायला लागायची. विमान घरी नेता येत नाही, त्याला पडदा लागतो, बटण लागतं. उंदराला फक्त अंधार लागतो, आणि तो डोळे मिटले की कुणालाही मिळतो. शामला टोकनं मोजत बसली होती आणि खेळ टोकन नसलेल्यांबरोबर केव्हाच दुकानाबाहेर पडला होता.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. दुकानदार देवराव ओळखीचे. ते 'काय वं शामलाबाई, तब्येत?' म्हणेपर्यंत तिनं रिसीव्हर उचललासुद्धा. लाइन खरखरत होती, मागे ट्रकचं इंजिन सुरू असल्याचा आवाज येत होता. रविंद्र बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करायला ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेला होता, फोन दत्तोपंतांनी घेतला. दत्तोपंत हे कंपनीचे माणूस, मूळचे पुण्याचे, यंत्रं बसवायची, दुरुस्त करायची आणि परत न्यायची हे त्यांचं काम. ते घाईत होते.

"हॅलो, ताई? बोला, बोला. कोणतं राहिलं?"

महिनाभर जेवताना ऐकलेला प्रश्न कानावर पडला आणि महिनाभर न सापडलेलं उत्तर तिच्या तोंडातून उडीच मारून बाहेर आलं.

"उंदीर! दत्तोपंत, उंदीर राहिला!"

"उंदीर. नक्की ना?"

"एकदम नक्की."

"ठीक आहे, लगेच करतो," दत्तोपंत म्हणाले आणि फोन ठेवला. देवराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "उंदराची गोळी आहे ना बाई आपल्याकडे, एका रात्रीत साफ," आणि शामला इतकी हसली, की त्यांनी गोळी पुन्हा फळीवर ठेवून दिली.

घरी जायचा प्रश्नच नव्हता. तिनं सायकलरिक्षा केली आणि रिक्षा हलली तसं तिचं डोकंही सुटलं. मोजायचं काय, ते तिला कळलं होतं. खेळ यंत्रापासून किती लांब चालत जातो, हे मोजायचं. ती कॉलेजात असताना प्लास्टिकच्या रिंगा आल्या होत्या, कमरेभोवती फिरवायच्या; सगळं नागपूर कंबर हलवत होतं, आणि पुढच्या वर्षी त्याच रिंगांवर बायका लंगोट वाळत घालत होत्या. दोरीवर खालीवर होणारी ती चकती आली, तीही गेली. आणि बिल्लस, ती घरं आखून लंगडीनं खेळायची ठिकरी? बिल्लस कुणी आणला, कुणी विकला, कुणाला ठाऊक. आई बिल्लस खेळली, शामला खेळली, मघाच्या त्या पोरीही खेळत असणार. ज्याला मालक नाही ते राहतं, असं काही म्हणावं का, की हे जरा जास्तच होतंय? होऊ दे. तिला आज जास्त म्हणायचंच होतं. मग तिला कुहीचं आजोळ आठवलं, आठवलं म्हणजे तळहाताला आठवलं. तिथे वीज नव्हती. रात्री मामीनं बोलावलं की माजघरातून घरामागच्या सांदवाडीपर्यंत अंधारात जावं लागे, आणि ती भिंतीला हात लावून जायची. आधी सारवलेली गुळगुळीत भिंत, मग धानाच्या कणगीचा खरबरीतपणा, मग एकदम काहीच नाही, तिथे दार. त्या काहीच नाहीवर पोचलं की छाती धडधडायची, आणि त्यात भीती कमी आणि मजा जास्त असायची, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मामीची कणगी मोडली, घर विकलं गेलं, शहरात येऊन ती पदव्या घेत गेली, पण तळहात अजून ती भिंत विसरला नव्हता. आणि हा उंदीर बनवणारा कोण कुठला परदेशातला माणूस, त्याच्या तळहातालाही अशीच एखादी भिंत ठाऊक असेल का? असणार. नाहीतर त्याला सुचलंच नसतं. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "बाई, मले काही म्हणून राहिल्या का?" तेव्हा तिला कळलं, की आपण मोठ्यानं बोलतोय.

दुकानात विमानावर नेहमीची झुंबड होती. शामला आत शिरली ती थेट कोपऱ्याकडे, आणि कोपरा मोकळा होता. जिथे उंदीर उभा असायचा तिथे फरशीचा एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता, चारी बाजूंनी धुळीची कड असलेला. तिला आधी वाटलं, चांगल्या जागी हलवला असेल, दाराशी. दाराशी तर काहीच नव्हतं. रविंद्र बिल्टीची कामं आटपून येऊन चहा पीत होता, अगदी खुशीत.

"कुठी आहे?"

"कोण?"

"उंदीर कुठी आहे रवी?"

"गेला ना ट्रकमध्ये. तूच तर सांगितलं म्हणे फोनवर. मी आलो तर भरून झाला होता. दत्तोपंत म्हणे, ताईंचा फोन आला, उंदीर राहिला म्हणाल्या, म्हणून तोही चढवला."

हे ऐकताना शामलाच्या कानात तो खरखरता फोन पुन्हा एकदा अक्षर अक्षर वाजला. कोणतं राहिलं, म्हणजे कोणतं भरायचं राहिलं. ट्रक भरणारा माणूस दुसरं काय विचारणार? आणि तिनं काय सांगितलं, तर उंदीर राहिला. राहणं हा शब्दच मुळात लबाड. टिकतं त्यालाही आपण राहिलं म्हणतो आणि विसरून मागे पडतं त्यालाही राहिलंच म्हणतो. मोहल्ल्यात बायका तिच्याबद्दल 'शामला राहिली' म्हणायच्या तेव्हा त्यांच्या मनात यातला कोणता अर्थ असायचा, याबद्दल तिला कधी शंका नव्हती. आणि त्याचं दुःखही तिनं केव्हाच आवरून ठेवलं होतं. पण आज त्याच शब्दानं तिचा उंदीर पळवला, हे मात्र तिला सहन होईना. तिला रडू येईल असं वाटलं, पण रडूही आलं नाही आणि रागही आला नाही. अंगात नुसती घाई भरून आली.

"स्कूटर काढ."

"जाऊ दे ना वं ताई. विमान काय वाईट आहे? पाय तरी ठेवाले जागा आहे का, पाहा."

"विमान दिवाळीपर्यंत. दुसरं मोठं विमान आलं की याच्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. तू मले विचारलं ना? मंग माहं ऐक. मले कारण सापडलं आहे रवी. मी कधी तुले खात्रीनं काही सांगितलं का आजपर्यंत? आज सांगून राहिली."

रविंद्रनं बहिणीकडे पाहिलं. लहानपणापासून त्यानं तिला पाहिलं होतं ते पुस्तकावर वाकलेलं किंवा दुसऱ्यांचं ऐकून घेताना. हा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. केस सुटलेले, गुडघ्याशी साडीवर विटेचा चुरा, आणि डोळे असे, की नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यानं कप खाली ठेवला, शेजारच्या दुकानदाराला 'लक्ष ठेवजा' म्हणाला आणि किल्ली घेतली.

मुंबईकडची वाट अमरावती रोडनं. स्कूटरवर आडवं बसायची शामलाला सवय नव्हती, पदर तिनं कमरेला खोचला आणि एका हातानं भावाचा शर्ट मुठीत धरला. थंडीची सुरुवात होती, ऊन उतरलं होतं, विद्यापीठाचं आवार मागे पडलं तशी हवा अंगाला लागायला लागली. तिला आतून उकळी फुटत होती. ट्रक सापडेल की नाही, सापडला तरी दत्तोपंत ऐकतील की नाही, काही ठाऊक नव्हतं, आणि तरीही इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एकदा तिचं लग्न ठरत आलं होतं; तेव्हा मुलाकडचे लोक बसले होते आणि ती चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती, तेव्हाही छाती अशीच धडधडली होती. पण ती धडधड दुसऱ्यांच्या उत्तरासाठी होती. आज उत्तर तिच्याजवळ होतं. "जल्दी चालव ना गा," ती भावाच्या कानाशी म्हणाली, आणि रविंद्र वाऱ्यात ओरडला, "अजून जल्दी चालवली तर उडून जाईन ही!"

वाडीच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग होती. जी वस्तू थोड्या दिवसांपुरती म्हणून शहरात आणली, ती बाहेर गेल्याचा शिक्का इथे घ्यावा लागे, आणि शिक्क्याला वेळ लागे. आज पहिल्यांदा शामलाला त्या रांगेचं कौतुक वाटलं. संत्र्यांच्या पेट्यांचे ट्रक होते, सगळ्या रस्त्याला सालीचा वास येत होता. रांगेच्या मधोमध तो ट्रक उभा होता, ताडपत्री बांधलेला, आणि खाली पायरीवर बसून दत्तोपंत संत्रं सोलत होते.

"दत्तोपंत, उंदीर उतरवा."

त्यांनी वर बघितलं. "ताई? अहो, तुम्हीच म्हणालात, उंदीर राहिला."

"राहिला म्हणजे टिकला."

"मग टिकला म्हणायचं," दत्तोपंत म्हणाले आणि हातातली फोड त्यांनी तोंडात टाकली. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर ओझी चढवून दमलेला होता. "दोर आवळलेत, ताडपत्री बांधलीय. शिवाय विमान आणायला मला परत गावात यायला लागणार. ते मी करीनही. पण मुंबईत मला विचारतील, ज्याच्यात सगळ्यात कमी टोकनं पडली ते यंत्र कशासाठी ठेवलंत? काय सांगू?"

शामलानं सांगितलं. फुकट्यांचं सांगितलं, मागून बघणाऱ्या भावाचं, गल्लीतल्या मुलींचं सांगितलं. मोजायचं तर खेळ यंत्रापासून किती लांब गेला ते मोजा, आणि हा दुकानात कधी पायही न ठेवलेल्या पोरींपर्यंत गेला, असं सांगितलं. वर्गात बोलते तसं सावकाश सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण वाक्यं एकमेकांच्या पायात येत होती. दत्तोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "पण ताई, जो खेळतच नाही, नुसता उभा राहून बघतो, त्याला कंपनीनं मोजायचा कशाला? त्याच्याजवळ काय असतं?"

"वाट असते," शामला म्हणाली.

"म्हणजे?"

म्हणजे काय, हे शब्दांत सांगून आता उपयोग नव्हता, आणि हे तिला ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी तिला दुसरंही एक कळलं, की महिनाभर त्या स्टुलावर बसून खेळणाऱ्यांच्या खांद्यांवरून ती जे बघत होती, ते काही मोजणं नव्हतं. तीसुद्धा फुकटीच होती. रस्त्याच्या कडेला खडीच्या पलीकडे मोकळी जागा होती. तिथे जाऊन तिनं चपला काढल्या, पदर नीट खोचला आणि भावाला, दत्तोपंतांना, संत्रं खाणाऱ्या ड्रायव्हरांना, सगळ्यांना समोर ठेवून डोळे मिटले.

"ताई," रविंद्र हळूच म्हणाला, "काय करून राहिली? लोक पाहून राहिले ना."

पाहू दे. डोळे मिटले तशा भिंती उभ्या राहिल्या, क्षणभर उजळ, आणि विझल्या. अंधार चांगला होता. पायाखाली थंड माती होती, एक बारीक खडा टोचला. दोन घरं सरळ. डावीकडे. एक घर. इथे सगळे पुन्हा डावीकडे जातात. ती उजवीकडे वळली आणि तिला आतून हसू फुटलं. दोन घरं. कुठलातरी हॉर्न वाजला, कुणीतरी हिंदीत विचारलं, "बाईजी का क्या गिर गया?" कुणीतरी म्हणालं, "चूप बे, खेळून राहिली." पुढे एक घर, मग वळण, मग ती अडली. हाताला काहीच लागत नव्हतं. तिनं डावीकडे पाऊल उचललं.

"टण्," दत्तोपंत म्हणाले.

म्हणाले, आणि स्वतःच चमकले. कित्येक वर्षं ते ही यंत्रं उघडत होते, तारा जोडत होते, वाट चालू आहे की नाही हे तपासायला त्या उंदराला हजारदा आत सोडत होते, पण तोंडानं तो आवाज काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दोघं ड्रायव्हर हसले. संत्र्याची साल हातात तशीच धरून दत्तोपंत चटकन दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "तिथे सरळ जायचं, ताई. एक घर सरळ, मग डावीकडे." आणि मागे वळून ट्रकवरच्या हमालांना म्हणाले, "दोर सोडा रे. उंदीर खाली घ्या."

शामला परत पहिल्या जागेवर आली होती. डोळे तिनं उघडले नव्हतेच. मागे ताडपत्री फडफडली, दोर सुटले, जड काहीतरी सावकाश जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. दोन घरं सरळ. डावीकडे. रविंद्र जवळ आला, त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"ताई, उतरवला. टेम्पोनं नेऊ. राहीन तो आपल्याकडे. चाल आता, अंधार पडून राहिला."

"थांब गा," शामला म्हणाली, आणि उजवीकडे वळली. "मी खेळून राहिली."